साहेब, आम्ही गुप्तधन शोधत नाही

प्रति,
शहरातल्या बागा, टेकड्या आणि विसर्जनघाट ज्यांच्या अखत्यारीत येतात ते अधिकारी, पुणे.

महोदय,

तुमच्या सहीने बागेच्या फाटकावर लागलेली पाटी मी आतापर्यंत पाच वेळा वाचली आहे. 'मेटल डिटेक्टर व तत्सम गुप्तधन शोधक यंत्रे आणण्यास सक्त मनाई. आढळल्यास जप्त करण्यात येतील.' पाटी वाचून चिडण्याचं माझं वय राहिलेलं नाही. सदाशिव पेठेत जन्म गेला, याहून कडक पाट्या दुधाच्या दुकानावर वाचल्या आहेत. पण यातला 'गुप्तधन' हा शब्द मला गिळता आला नाही. तुम्हाला दोन पत्रं लिहिली. दोन्हींची पोच आली, उत्तर एकाचंही आलं नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. आमच्यात एक रिक्षा चालवणारे गृहस्थ आहेत, एक शाळेतल्या बाई, पोस्टातून निवृत्त झालेले एक, इंजिनिअरिंगला असलेली दोन मुलं, आणि सगळ्यांत वडीलधारे म्हणजे खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर दलातून निवृत्त झालेले सुभेदारसाहेब. सात जण, तीन यंत्रं. यंत्रं स्वतःच्या पैशाने घेतलेली. कुणाची अंगठी, वाटी, जोडवं, पैंजण हरवलं की फोन येतो आणि ज्याला वेळ असेल तो जातो. पैसे घेत नाही. चहा घेतो, आणि कुणी आग्रहच केला तर पोहे.

मी यात कसा आलो, तर बायकोच्या पुतळीमुळे. तिच्या आजीची पुतळ्यांची माळ होती. कार्तिकात सोसायटीच्या बायका आवळीभोजनाला बागेत गेल्या, हात धुताना माळेचा दोरा तुटला. सगळ्या पुतळ्या गोळा झाल्या, एक राहिली. तीन दिवस आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून खुरप्याने आणि पिठाच्या चाळणीने ती जागा उलथीपालथी करत होतो. चाळणी बाद झाली, पुतळी मिळाली नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी सुभेदारसाहेबांना घेऊन आलं. त्यांनी आम्हाला आधी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. कुठे बसला होतात, पाणी कुठे टाकलं, दोरा तुटल्यावर कोण कुठल्या बाजूला धावलं, चटई कुणी आणि कुठे झटकली. मग सुतळी ताणून पट्टे आखले आणि यंत्र फिरवलं. वीस मिनिटांत पुतळी हातात. चटई झटकली होती तिथे, आम्ही शोधत होतो त्याच्या बारा फूट पलीकडे, पालापाचोळ्याखाली. सैन्यात सुरुंग शोधायला शिकलेला माणूस माझ्या बायकोसमोर उकिडवा बसून पुतळीवरची माती बोटाने पुसत होता. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, मला शिकवाल का.

तेव्हापासून वही ठेवली आहे. तारीख, जागा, वस्तू, कुणाची, सापडली की नाही, कुणाच्या सहीने परत दिली. वही बघायला कधीही या.

आता तुमच्या पाटीतल्या शब्दाकडे येतो.

महाराष्ट्रात 'गुप्तधन' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अमावास्येची रात्र, लिंबू-मिरची, कोंबडं, आणि पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं म्हणून त्याला ओढत नेणारी टोळी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख आहे, तो उगाच नाही. असा शब्द तुम्ही सकाळी साडेसहाला टोपी घालून, ओळखपत्र गळ्यात अडकवून फाटकाशी उभ्या राहणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाला लावलात. आमच्यात पायाळू कुणी नाही. मी सरळ जन्मलो, असं आई सांगायची.

आणि कायद्याच्या भाषेतही हे दोन वेगळे विषय आहेत. १८७८ चा निखात निधी अधिनियम बोलतो तो जमिनीत दडवून ठेवलेल्या मौल्यवान वस्तूंबद्दल. अशी दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. आम्हाला मान्य आहे. परवा झोपाळ्यावरून उतरताना गळ्यातून पडलेली वाटी कुणी दडवलेली नसते. ती पडलेली असते, तिचा मालक जिवंत असतो आणि बहुतेक वेळा आमच्या शेजारी उभा राहून रडत असतो. सापडलेली वस्तू मालकाची आहे हे १८७२ चा करार कायदा सांगतो, आणि ती खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहेच. पुरलेलं आणि हरवलेलं यांत फरक आहे. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र हे त्याचं स्पष्टीकरण समजा.

या यंत्राबद्दल तुमच्या कचेरीत फार मोठे गैरसमज दिसले, म्हणून शिक्षकी पेशाला स्मरून थोडं सांगतो. कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. तिथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखा फिरणारा प्रवाह तयार होतो, त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइल ते ऐकते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, वर्गात मी ते फळ्यावर शेकडो वेळा काढलं. प्रवाहाला गोल फिरायला सलग धातू लागतो. म्हणून अंगठी, पुतळी, मंगळसूत्राची वाटी या वस्तू चांगल्या बोलतात. चांदीची जोडवी तर खणखणीत. बारीक साखळी मात्र मुकी. तिची कडी न् कडी सुटी, त्यामुळे दोन तोळ्यांची चेनसुद्धा यंत्राला एखाद्या कडीएवढी वाटते आणि बरेचदा नुसत्या हुकावरून ती सापडते. सगळ्यांत अवघड नथ. केसाएवढी तार आणि बाकी मोती, मोत्यांशी यंत्राला सोयरसुतक नाही. नथ हरवली असा फोन आला की आम्ही एकमेकांकडे बघतो.

सोनं म्हणून वेगळा आवाज येत नाही. पातळ अंगठी, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी यांचा सूर जवळजवळ एकच. त्यामुळे एक अंगठी मिळेपर्यंत बुचं, खिळे, ब्लेडची पाती, सेफ्टी पिना असा ऐवज निघतो. तो आम्ही परत मातीत टाकत नाही, पिशवीत भरून नेतो. लहान मुलं अनवाणी खेळतात त्या वाळूच्या खड्ड्यातून काढलेल्या ब्लेडच्या पात्यांचा एक डबा माझ्याकडे आहे. तुमच्या विभागाला भेट म्हणून पाठवायचा विचार होता, पण बायको म्हणाली, धमकी समजतील.

आता खोली. पुण्याची जमीन लाव्हाची आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाची. काळ्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे मुरमावर कॉइल फिरवली की यंत्र आपलं आपणच कुरकुरायला लागतं. ती कुरकुर थांबवायला संवेदनक्षमता उतरवावी लागते, आणि ती उतरवली की खोली जाते. समुद्राच्या कोरड्या वाळूत सात-आठ इंचांवर लागणारी अंगठी आपल्याकडे टेकडीवर चार-पाच इंचांवर लागली तरी नशीब म्हणायचं. ज्या यंत्राला बोटभर मुरूम जड जातो, ते घेऊन आम्ही पेशव्यांचे हंडे काढू ही कल्पना आमच्याबद्दल फारच मोठा आदर दाखवते.

पण ही खोलीची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण डिसेंबरात जे झालं ते तिच्यामुळे झालं.

चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी आहेत. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी नातवंडांना घेऊन त्या तुमच्या बागेत आल्या. धाकट्या नातवाने झोपाळ्यावर घाबरून त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि मंगळसूत्र तुटलं. मणी वेचले, सासरची वाटी मिळाली, माहेरची मिळाली नाही. वजन असेल दीड-एक ग्रॅम. २०२५ च्या एप्रिलात तोळ्याने लाख ओलांडले, तेव्हा दीड ग्रॅम म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या बाईला किती, हा हिशेब कुणालाही करता येईल. पण मावशी पैशांचं बोललीच नाही. आई गेल्याला अकरा वर्षं झाली, एवढंच म्हणाली.

आम्हाला त्याच संध्याकाळी फोन आला. सोमवारी सकाळी फाटक उघडायला आम्ही तिथे होतो. रखवालदार म्हणाला, कचेरीची परवानगी आणा. बरोबर आहे, त्याची चूक नाही. अकरा वाजता कचेरीत अर्ज दिला, मावशींनी पोलिसांकडे केलेल्या नोंदीची प्रत जोडली, कुठल्या झोपाळ्याजवळ आणि किती जागेत शोधायचं याचा नकाशा काढून दिला. आवकचा शिक्का मिळाला. मग अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरचे साहेब रजेवर, तिसऱ्यावर 'अभिप्रायार्थ'. मी रोज जात होतो. निवृत्त माणसाला वेळ असतो, हे तुमच्या लोकांनाही कळलं होतं. आठव्या दिवशी बागेवरून जाताना बघितलं तर ही पाटी. नवी कोरी, रंग ओला. आमच्या अर्जाला कुणी हात लावला नव्हता, पण त्यातून एक पाटी मात्र निघाली होती.

अकराव्या दिवशी हिरवळीच्या दुरुस्तीचं काम आलं. झोपाळ्यांच्या भोवती दोन ट्रॉल्या पोयटा पडला, पाच-सहा इंचांचा थर, वरून रोलर. मी धावत कचेरीत गेलो, निदान ती दहा बाय दहा फुटांची जागा तरी सोडा म्हणून. उत्तर मिळालं की ते काम वेगळ्या विभागाचं आहे.

सतराव्या दिवशी परवानगी आली! तिच्यातलं वाक्य मला पाठ आहे. 'सकाळी ११ ते १ या वेळेत, कोणतेही खोदकाम न करता शोध घेण्यास हरकत नाही.' न खणता शोधा. आम्ही गेलो, दोन तास पट्टे आखून फिरलो. पोयट्याबरोबर आलेल्या तारेच्या तुकड्यांनी यंत्र ओरडत होतं. वाटी मूळ जमिनीवर पडली असेल तर ती आता आमच्या आवाक्याच्या दीड-दोन इंच खाली आहे. पहिल्या सोमवारी ती गवताच्या मुळाशी, उघड्यावर असणार होती. मावशी कठड्यावर बसून होती. एक वाजता शिटी वाजली.

दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेब एकटे गेले. त्यांचा अंदाज होता की वाटी झोपाळ्याखालून घरंगळत पायवाटेच्या कडेला, पोयटा न पडलेल्या पट्ट्यात गेली असावी. हातात खुरपं नव्हतं, फक्त यंत्र आणि आदल्या दिवशीची परवानगी. तारीख उलटली होती, हे खरं, आणि तेवढी चूक आमची. रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं आणि यंत्र काढून घेतलं. व्यायामाला आलेल्या पंधरा-वीस लोकांसमोर. 'काय आजोबा, गुप्तधन काढताय का?' असं कुणीतरी म्हणालं. तो शब्द त्या माणसाला पाटीनेच शिकवला होता.

पंचनामा झाला नाही. पावती मिळाली नाही. यंत्र तेवीस दिवसांनी परत आलं, कॉइलची वायर मुळाशी पिचलेली. ती मी जोडली, तो माझा धंदाच होता. सुभेदारसाहेब मात्र तेव्हापासून आलेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात.

कोणत्या कलमाखाली ही बंदी घातली, हे मी माहितीच्या अधिकारात विचारलं. २००५ च्या कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, त्याबद्दल आभार. 'सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.'

विसर्जनाचंही सांगायला हवं, कारण दरवर्षी तेच होतं. आरती होते, ढोल वाजत असतो, घरचा गणपती हौदात जातो आणि घरी आल्यावर पाटावर बसता बसता आठवतं की बाप्पाच्या गळ्यातली सोन्याची साखळी काढायची राहिली. कुणाचा मोदक, कुणाचा दूर्वांचा हार. घरीच बादलीत विसर्जन करणाऱ्यांचा प्रश्न येत नाही, कारण मूर्ती विरघळली की साखळी तळाशी उरते. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या अमोनियम बायकार्बोनेटच्या पद्धतीने प्लास्टरची मूर्तीसुद्धा बादलीत विरघळते. हौदाचं तसं नाही. आणि हौदाची टाकी लोखंडी असली तर आमचं यंत्रही बेकार. सगळ्या बाजूंनी लोखंड, ते एकच सूर धरतं. तिथे मशिन बाजूला ठेवून कोपरापर्यंत हात घालावा लागतो आणि गाळ चाळावा लागतो. आम्ही तयार आहोत, हातमोजे आमचे. गेल्या भाद्रपदात एका कुटुंबाला घेऊन रात्री अकराला घाटावर पोहोचलो तर टाकी रिकामी करून गाळ गाडीत भरून गेलेला. कुठे नेला? हे सांगायला एकही माणूस तयार नव्हता. दोन दिवस सहा ठिकाणी फिरलो. ती चेन बहुधा कुठल्या तरी भरावात गेली.

मला ठाऊक आहे तुमचीही एक बाजू आहे, आणि ती मी नाकारत नाही. गडकिल्ल्यांवर रात्री यंत्र घेऊन जाणारे लोक आहेत. त्यांनी उकरलेले खड्डे मी पाहिले आहेत, आणि सापडलेलं नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ही माहिती एकदा उकरली की कायमची गेली, हेही मला कळतं. म्हणून शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस, कुठलाही गड, कुठलंही जुनं देऊळ, वनखात्याची जमीन इथे आम्ही यंत्र पिशवीतून बाहेरही काढत नाही. पर्वतीच्या पायऱ्यांवर अंगठी हरवली म्हणून एकदा फोन आला, तेव्हा डोळ्यांनी शोधली. इंग्लंडमध्येही हाच त्रास होता. तिथे १९९६ मध्ये त्यांनी खजिन्याचा नवा कायदा केला आणि १९९७ पासून सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करण्याची योजना काढली. यंत्रवाल्यांना हाकलण्याऐवजी नोंदवहीसमोर बसवलं, आणि त्या नोंदी आज दहा लाखांच्या वर गेल्या आहेत. आम्हाला तेवढं मोठं काही नको. आमचा शोध कालच्या-परवाच्या वस्तूंचा.

तसं आम्हीही नाही म्हणायला शिकलो आहोत. एकदा शनिवार पेठेतल्या एका आजींचा फोन आला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांच्या आईची पत्र्याची ट्रंक नदीत गेली, त्यात बोरमाळ होती. पुलाखाली बघाल का? मी त्यांच्या घरी गेलो, तासभर बसलो, ट्रंकेचा रंग कोणता, कुलूप कसं होतं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणून आलो. नदीच्या पात्रात साठ वर्षांच्या गाळाखाली शोधणं हे आमचं काम नव्हे. वहीत मात्र नोंद केली. 'बोरमाळ, १९६१, सापडली नाही.' आजींनी सही केली.

खरा मालक कोण हे कसं ओळखता, असं तुमच्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं. रास्त प्रश्न. वस्तू दाखवण्याआधी आम्ही वर्णन लिहून घेतो. आत काय कोरलंय, कुठे झिजलंय, कुठे डाग दिलाय. नव्या दागिन्यांचं काम सोपं झालंय, कारण १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी या ओळखखुणेशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना दुकानात विकता येत नाही, आणि ती खूण पावतीशी पडताळता येते. जुन्या दागिन्याला माणसं बोलतात. कुणाची तरी सासू येते आणि म्हणते, हिच्या वाटीला आतून चपटा पोचा आहे, मुसळाचा. मुसळाचा पोचा खोटा सांगता येत नाही.

आणखी एक, लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. यंत्र तुमच्याकडे जप्त असतानाच तुमच्याच कचेरीतून मला फोन आला. एका कर्मचाऱ्याच्या मुलीचं पैंजण दुसऱ्या एका बागेत पडलं होतं. मी दुसरं यंत्र घेऊन गेलो. फाटक उघडून मिळालं, अर्ज मागितला नाही, खुरपंही तिथल्या माळ्याने आणून दिलं. दहा मिनिटांत पैंजण मिळालं. मुलगी चौथीतली, तिने मला श्रीखंडाची गोळी दिली. त्या घरावर माझा राग नाही. पण त्या दिवशी मला कळलं की आम्ही काय करतो हे तुम्हाला नीट माहीत आहे.

तर मागण्या अशा.

पाटीतला 'गुप्तधन' शब्द काढा. परवानगीशिवाय यंत्र वापरू नये, एवढं लिहा. ते आम्ही पाळू आणि दुसऱ्यांनाही पाळायला सांगू.

वस्तू हरवल्याची पोलिसांकडची नोंद आणि मालक स्वतः सोबत असेल तर परवानगी त्याच दिवशी मिळावी, बागेतल्या बागेत, तिथल्या पर्यवेक्षकाच्या सहीने. तिसऱ्या मजल्यावर जायची गरज नाही. तुमचा माणूस शेजारी उभा ठेवा. खणायचं तर माळ्याने खणावं, आम्ही बोट दाखवू. खड्डा वितीपेक्षा मोठा होत नाही, आणि गवताची ढेप परत बसवून पाणी घालूनच आम्ही उठतो. अट म्हणून लिहून घ्या.

कुणी हरवल्याचं कळवलं असेल तर त्या दहा बाय दहा फुटांवर दोन दिवस माती, खत, रोलर काही पडू नये. चार खुंट्या आणि सुतळी लागेल, सुतळी आमच्याकडे आहे.

कुणाचंही यंत्र काढून घेतलंत तर पावती द्या. यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

विसर्जनाच्या दिवशी हौदाअलीकडे एक टेबल टाका आणि तिथे बसणाऱ्याने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा, बाप्पाच्या अंगावर सोनं आहे का. आम्ही सात जण दहाही दिवस पाळीपाळीने बसू. आणि गाळाची गाडी कुठे जाते हे घाटावर फळ्यावर लिहून ठेवा.

बागेत, घाटावर सफाई करणाऱ्या लोकांना वस्तू सापडतात आणि त्यांतले बहुतेक जण त्या प्रामाणिकपणे जमा करतात. पण जमा झालेलं पुढे कुठे जातं ते कुणाला कळत नाही. यादी दर महिन्याला फाटकावर लावा. तेवढी पाटी मी स्वतः रंगवून देईन.

सुभेदारसाहेबांना तुमच्याकडून दोन ओळींचं पत्र जावं अशी माझी इच्छा आहे. ही मागणी नव्हे, त्यांनी तर मला हे लिहायलाच मना केलं होतं. इच्छा आहे एवढंच.

आता कामाचं. मावशीची वाटी अजून तिथेच आहे, असा आमचा अंदाज आहे. पूर्वेकडून दुसरा झोपाळा, त्याच्या डाव्या खांबापासून पायवाटेपर्यंतचा पट्टा. वरचा पोयटा अजून पुरता बसलेला नाही. एकदा पाऊस लागला आणि गवताने मूळ धरलं की तो थर काढायला तुमचेच माळी तयार होणार नाहीत, आणि मीही त्यांना सांगणार नाही. तो चार इंच बाजूला करून, चाळून, पुन्हा होता तसा पसरायला आम्हाला एक सकाळ पुरते. नवा अर्ज सोबत जोडला आहे, नकाशासकट. आवकचा शिक्का सोमवारी घेईन.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहा जण फाटकाबाहेर उभे राहू. आत यायचं की नाही ते तुमच्या माणसाने सांगावं. मावशी पोळ्यांची कामं उरकून साडेदहापर्यंत पोहोचेल. यंत्र आणि चाळणी आम्ही आणतो. खुरपं तुमच्या माळ्याचं चालेल.

आपला,
आयटीआयचा एक निवृत्त निदेशक
सदाशिव पेठ, पुणे